गुरुवारी येऊ नको

आमच्या शाळेत चौथीचे दोन वर्ग. एक माझा, एक बागवान मॅडमचा. मध्ये एकच भिंत, आणि तीही वरून हातभर मोकळी. वरच्या मजल्यावर पत्रे आहेत, पत्र्यापर्यंत भिंत न्यायची राहून गेली ती राहूनच गेली. त्यामुळं बागवान मॅडमला मी बघून जेवढी ओळखते त्यापेक्षा ऐकून जास्त ओळखते.

त्यांचं नाव गुलशन. माहेर पाचोडचं. वडील तिथल्या मोसंबीच्या बाजारात लिलाव पुकारायचे. "आवाज अब्बांचा आलाय, तेवढाच हिस्सा मिळाला," असं त्या हसत सांगतात. खरंच तो आवाज बाजारातला आहे. हजेरीला नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर त्या लगेच गैरहजेरी मांडत नाहीत. लिलावासारखं तीनदा पुकारतात, दर वेळी आवाज चढवून. तिसऱ्या पुकाराच्या आत जो दारात आला तो हजर. खाली गेटजवळच्या नळावर तोंड लावून पाणी पिणारं पोरगं तो आवाज ऐकून जिना चढत सुटतं. मी इकडं फळ्यावर तारीख लिहीत असते, तिकडं टाळ्या पडतात. म्हणजे कुणीतरी पोचलं.

शांत वर्ग म्हणावा असा तो वर्ग कधीच नव्हता. पण मुलं यायची. पावसाळ्यात माझ्या वर्गात बाकं रिकामी दिसायची, तेव्हा पलीकडं दाटीवाटी असायची.

घरी दखनी उर्दू बोलायचं आणि शाळेत मराठी शिकवायचं, असं त्यांचं आयुष्य. आमच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा दोन-चार पालक कुजबुजले होते, की मराठीच्या बाई मराठी घरातल्या असत्या तर बरं झालं असतं. डोईफोडे सर तेव्हाही मुख्याध्यापक होते. ते कुणाशी भांडले नाहीत. बागवान मॅडमच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले, अख्खा तास ऐकला, आणि खाली येऊन त्या पालकांना म्हणाले, की माझी नात पुढच्या वर्षी याच वर्गात बसणार आहे. बसलीही. ही गोष्ट मॅडम कधी विसरल्या नाहीत. सरांनी काही सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं मी तरी ऐकलं नव्हतं.

त्यांचे मिस्टर गयासभाई. गुलमंडीत त्यांचं शाळेच्या गणवेशांचं छोटं दुकान आहे. मी शनिवारी सुपारी हनुमानाच्या दर्शनाला जाते तेव्हा येता-जाता त्यांना हाक मारते, आणि ते दर वेळी विचारतात, "मॅडम, हमारे घर का लाउडस्पीकर शाळेत कसा चालतोय?"

तर या वर्षी फेब्रुवारीत तपासणी लागली. गुरुवारचा दिवस. पत्रात स्पष्ट होतं, की या खेपेला मुलांची हजेरी आणि मुलांचं वर्तन या दोनच गोष्टी बारकाईनं बघितल्या जातील. सरांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसले. त्यांचं कारण मला माहीत होतं. मागच्या तपासणीत शेरा पडला होता, की चौथीच्या एका वर्गात फार गोंगाट आहे, शिस्तीकडं लक्ष द्यावं. तो शेरा संस्थेच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचला गेला होता, आणि सर मान खाली घालून ऐकत बसले होते. वर्ग कोणता ते सांगायला नको.

मग तयारी सुरू झाली. भिंतीवरचे जुने सुविचार पुसून नवे लिहिले. वाढलेली नखं कापली, मुलांना केस कापून यायला सांगितलं. साहेब वर्गात आले की सगळ्यांनी एकदम उठायचं, बाक वाजवायचं नाही, एका सुरात नमस्ते म्हणायचं. याची तालीम घ्यायला सर स्वतः साहेब होऊन वर्गावर्गात यायचे. काखेत फाईल, चेहरा कडक. माझ्या वर्गात जमलं. पलीकडं एक मुलगी रोज सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या वर ओरडून नमस्ते म्हणायची, आणि वरून विचारायची, "सर, तुम्ही खरे साहेब कधी होणार?"

ही संस्कृती. नाव ठेवणाऱ्यांनी काय विचार करून ठेवलं देव जाणे, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. बाकावरून उड्या मारत जायची, शिट्टी वाजवायची, पोरांशी मारामारी करायची आणि जिंकायची. तिची आई सोनिया लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जायची. आचाऱ्याच्या टेम्पोतून बायका पहाटेच निघायच्या. वडील ट्रकवर, महिन्या-महिन्यानं घरी यायचे. म्हणजे ही पोरगी बहुतेक दिवशी एकटी उठायची, स्वतःची वेणी स्वतः घालायची, घराला कुलूप लावायची आणि शाळेत यायची. तिची वेणी एका बाजूला कललेली असायची. पण शाळा तिनं कधी चुकवली नाही. गालफुगी झाली तेव्हा गळ्याभोवती मफलर गुंडाळून आली होती, आम्ही परत पाठवली तर जिन्यात बसून राहिली.

आणि त्याच वर्गात शिवराज होता. अगदी शांत, हस्ताक्षर मोत्यासारखं, पण शाळेत यायचाच नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि मामाच्या पतंगाच्या दुकानात जाऊन बसायचा. बागवान मॅडम त्याला स्कूटीवर बसवून आणायच्या, दोन दिवस यायचा, पुन्हा गायब.

सोमवारी शाळा सुटल्यावर सरांनी आम्हाला ऑफिसात थांबवलं. दार ओढून घेतलं. आवाज खाली करून म्हणाले, की प्रत्येकानं आपापल्या वर्गातली एक-दोन दंगेखोर मुलं बघावीत आणि त्यांना गुरुवारी घरीच राहायला सांगावं. प्रेमानं सांगावं. आणि हजेरी कमी दिसू नये म्हणून जी मुलं येत नाहीत त्यांना त्या दिवशी काहीही करून आणावं. रोज येणाऱ्यांना घरी ठेवायचं आणि न येणाऱ्यांना घरून आणायचं, असं ते गणित होतं. ऐकताना कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. असं सगळीकडंच चालतं, असं एकजण म्हणालेसुद्धा. माझ्या वर्गात दंगेखोर म्हणावं असं कुणी नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

सरांनी बागवान मॅडमकडं बघितलं. नाव घेतलं नाही, फक्त म्हणाले, "मॅडम, एकच दिवस."

बागवान मॅडम म्हणाल्या, "हो सर. सांगते मी."

मला नवल वाटलं. पण मागच्या वर्षी सरांची मान त्यांच्या वर्गामुळं खाली गेली होती, आणि ते त्यांना तेव्हापासून बोचत होतं, हेही मला ठाऊक होतं.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला स्कूटीवर मागं घेतलं. संस्कृतीचं घर गारखेड्यातच, माझ्या रस्त्यावर.  पत्र्याची खोली, दारापुढं तुळशीचा डबा. पोरगी बाहेर दगडावर गणवेश घासत होती. आम्हाला बघून हातातला साबण टाकून उठली आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, की माझ्या मॅडम आल्या. आई घरी नव्हती. हिनं आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी आणलं, आणि चहा ठेवू का म्हणून विचारत राहिली. गुरुवारी साहेब येणार म्हणून गणवेश आत्ताच धुऊन ठेवतेय, असं तिनं आपणहून सांगितलं. गप्प बसायचा सराव पण चाललाय म्हणाली. तोंडात लवंग धरली की बोलता येत नाही, हे तिनं शोधून काढलं होतं.

बागवान मॅडमनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, "संस्कृती, गुरुवारी तू आली नाहीस तरी चालेल. सुट्टी घे एक दिवस."

पोरीनं हाताचा साबण फ्रॉकला पुसला. मग विचारलं, "हजेरी लागंल का माझी?"

"लागेल."

"न येता?"

मॅडमनी मान हलवली.

"मग शिवराजची पण लावत जा की," ती म्हणाली. "तो बिचारा उगं लपत फिरतो."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं, की असं चालत असेल तर शिवराजचं काम सोपं होईल. मी हसू आवरलं. बागवान मॅडम हसल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. दगडावरचा गणवेश तसाच साबणात पडला होता.

बुधवारी पलीकडच्या वर्गातून काही आवाज येईना. मला वाटलं मॅडम आल्या नाहीत की काय. मधल्या सुट्टीत डोकावले तर वर्ग भरलेला, संस्कृती तिच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेली. खेळायला गेली नाही. पोरं तिला चिडवत होती, ती कुणाला मारत नव्हती. बागवान मॅडम टेबलापाशी डबा उघडून बसल्या होत्या, घास काही घेतला नव्हता. मला म्हणाल्या, की सकाळपासून तीनदा तिला प्रश्न विचारला, दर वेळी म्हणते येत नाही. तिला ते सगळं येतं. मी म्हटलं, रुसली असेल, दोन दिवसांत विसरेल, पोरं विसरतात. त्या म्हणाल्या, "रुसली असती तर भांडली असती हो. ही माझ्याकडं पाहुण्यासारखी बघायलीय."

त्या तशाच उठून ऑफिसात गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. त्या सरांना म्हणाल्या, की संस्कृती उद्या येणार, मी तिला परत सांगणार आहे. सरांनी आधी समजावलं, मग जरा चिडले. शेरा पडला तर तुमच्या गोपनीय अहवालात जाईल, वरिष्ठ वेतनश्रेणीचं तुमचं याच वर्षी आहे, असं म्हणाले. मॅडम खुर्चीवरून उठल्या नाहीत. शेवटी सर म्हणाले, तुमची जबाबदारी. त्या म्हणाल्या, हो.

बाहेर येऊन बघतात तर संस्कृती वर्गात नाही. पोरं म्हणाली, पोटात दुखतंय म्हणून घरी गेली. ती पोरगी, जी गालफुगीत घरी गेली नव्हती.

शाळा सुटल्यावर मॅडम तिच्या घरी गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारच्या केसरबाई दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की सोनिया पोरीला घेऊन दुपारीच टेम्पोनं गेली. पाचोडला मोठं लग्न आहे, आज हळद, उद्या लग्न, उद्या रात्रीपर्यंत काय येत नाहीत. पोरीनं आईला सांगितलं, की गुरुवारी शाळेत आपलं काम नाही. मग आई म्हणाली, घरी एकटी बसून काय करशील, चल, कणकेचे गोळे तरी करून देशील. इतकं सांगून केसरबाईंनी विचारलं, "पोरगी शिकायची बंद केली का बाई तुम्ही?"

सोनियाचा फोन लागत होता, पण उचलत नव्हती. पिठाचे हात, कोण फोन उचलतंय. बागवान मॅडमनी स्कूटी माझ्या दारात आणून लावली. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला पोचायला उशीर झाला तर माझ्या वर्गावर लक्ष ठेवा, एवढं म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, उद्या तपासणी, आणि तुम्ही कुठं निघालात? तेवढ्यात गयासभाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मला बाजूला उभी राहून ऐकू आला. "कल इनिस्पेक्शन है बोली ना तू? और आज मैके चली?" मॅडम म्हणाल्या, "मैके नहीं, लग्नाला चालले." आणि बायपासवर जाऊन पाचोडवरून जाणारी बीडची एसटी पकडली.

मी घरात आले, हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला. रोज काही मागत नाही मी. त्या दिवशी मागितलं, की ती पोरगी येऊ दे. मॅडमसाठी मागितलं की पोरीसाठी, ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं.

पाचोडचं पुढचं सगळं मी दोघींच्या तोंडून ऐकलंय, मॅडमच्या आणि सोनियाच्या. मॅडम मंगल कार्यालयात पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. पुढं हळदीचा डीजे चाललेला. मागच्या बाजूला चुलाणांच्या धगीत बायका ओळीनं बसून पोळ्या लाटत होत्या. सोनियानं त्यांना येताना बघितलं आणि लाटणं थांबवलं नाही. बाकीच्या बायकांना वाटलं नवरीकडची पाहुणी आहे, एकीनं बसायला पोतं टाकलं.

मॅडम तिला म्हणाल्या, की संस्कृतीला न्यायला आलेय, उद्या तिला शाळेत यायचंय.

सोनिया म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना नको म्हणून? लई गोंधळ घालती म्हणून नको होती ना?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "तसंच होतं."

सोनियाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. तिला वाटलं होतं बाई काहीतरी कारण सांगतील. साथ चाललीय, जागा नाही, असलं काहीतरी. पण ती गप्प बसली नाही. म्हणाली, "मग आता काय झालं?"

"आज सकाळपासून ती वर्गात बोलली नाही. मला करमलं नाही."

"म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिनं घरी बसायचं, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच यायचं."

 बागवान मॅडमनी पर्स पाठीमागं सरकवली, पदर खोचला, आणि समोरच्या परातीतली कणीक तोडून गोळे करायला लागल्या. बायका हसल्या. एक म्हणाली, "मॅडम, एवढा मोठा गोळा? पोळी करायची की भाकर?" दुसरीनं शिकवलं, असा अंगठ्यात दाबून तोडायचा. मॅडम तोडत राहिल्या. सोनिया लाटत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं पुढच्या बाजूला हात करून सांगितलं, की पोरगी तिकडं नाचायलीय, तिलाच विचारा. मी पाठवणार नाय न् अडवणार पण नाय.

संस्कृती डीजेपुढं पोरांच्या घोळक्यात होती. अंगाला हळद फासलेली. मॅडमना बघून ती नाचायची थांबली आणि खांबामागं गेली. मॅडम खांबाच्या या बाजूला उभ्या राहिल्या. डीजेमुळं ओरडून बोलावं लागत होतं. त्या ओरडून म्हणाल्या, की मी तुला चुकीचं सांगितलं. न येता हजेरी लागत नाही. तुझी नाही, शिवराजची नाही, कुणाचीच नाही.

खांबामागून आवाज आला, "मला गप बसता येत नाय."

"माहितेय मला."

"लवंग पण संपली."

मग ती बाहेर आली आणि एकदम व्यवहारावर आली. गणवेश धुतलाच नाही, तसाच बादलीत आहे, आणि घराला कुलूप आहे, म्हणाली. दोघी मागं आल्या. पोरगी आईसमोर जाऊन उभी राहिली. सोनियानं पिठाचे हात पदराला पुसले, कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून घराची किल्ली काढून मॅडमच्या हातात दिली.  पुन्हा लाटायला बसली.

रात्री पोरगी मॅडमच्या माहेरी झोपली. भाऊ झीशान रोज पहाटे जूसवाल्यांचा माल घेऊन शहरात येतो. त्याच्या पिकअपमध्ये पुढं तिघं बसून निघाले. वाटेत टायर बसलं. झीशाननं ते बदलेपर्यंत ऊन वर आलं होतं.

इकडं शाळेत सगळे वेळेच्या आधी तयार. दारात रांगोळी, गेटला तोरण. शिवराज आला होता, त्याला गयासभाईंनी मामाच्या दुकानातून उचलून नवाकोरा शर्ट घालून आणलं होतं. बायकोनं फोनवर सांगितलं असणार. सरांनी सगळीकडून नजर फिरवली आणि मला विचारलं, बागवान मॅडम कुठायत? मी म्हटलं, येतायत. सर म्हणाले, "हजेरीची तपासणी आणि बाईच गैरहजर. काय नशीब आहे बघा."

प्रार्थना संपता संपता त्या आल्या. केसांवर रस्त्याची धूळ, कालचीच साडी, आणि हाताला धरून संस्कृती. तिचा गणवेश ओलसर होता, घाईनं पिळून इस्त्री फिरवलेला, पण वेणी मात्र सरळ होती. ती मॅडमनी घातली होती. पोरगी धावत जिना चढली आणि अंगाला मोसंबीचा वास घेऊन वर्गात शिरली.

तपासणीला एक अधिकारी मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्याएवढ्या, बोलायला शांत. माझ्या वर्गातून त्या लवकर बाहेर पडल्या. मग भिंतीपलीकडं गेल्या, आणि माझा वर्ग तोंडी बेरजा सोडून कान देऊन बसला. मीही बसले, खोटं कशाला बोलू. मग राहवलं नाही म्हणून पलीकडच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. सर तिथंच व्हरांड्यात होते.

सगळी मुलं एकदम उठली, नमस्ते झालं, बसली. डोकी मोजली, हजेरी जुळली. त्या मॅडमनी दोन-तीन मुलांना प्रश्न विचारले. शिवराज समोर बसला होता. त्याची वही बघून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, किती शांत आणि नीटनेटका मुलगा आहे, सगळ्यांनी याच्यासारखं व्हावं.

हे संस्कृतीला सहन झालं नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "मॅडम, तो तर रोज येतच नाय."

वर्ग हसला. शिवराजही हसला. अधिकारी मॅडमनी तिच्याकडं वळून विचारलं, "आणि तू?"

"मी रोज येते. मला आज येऊ नको म्हणलं होतं."

हसू थांबलं. मी सरांकडं बघितलं. त्यांनी व्हरांड्याचा कठडा धरला होता.

"कोणी म्हटलं होतं?"

संस्कृतीनं तोंड उघडलं. मग बागवान मॅडमकडं बघितलं, आणि मिटलं. ती पोरगी तेव्हा ज्या तऱ्हेनं गप्प राहिली, तशी ती कधी गप्प बसलेली मी बघितली नव्हती. तिला कळलं होतं की आता बोललं तर कुणालातरी लागेल. तिला फार वेळ तसं राहावं लागलं नाही. बागवान मॅडम म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, मॅडम."

"का?"

"ही फार बोलते. तपासणीत वर्ग शांत दिसावा म्हणून."

"मग आज आली कशी?"

"मी तिला आणायला गेले होते."

अधिकारी मॅडमनी संस्कृतीकडं बघितलं, तिच्या ओल्या गणवेशाकडं बघितलं, आणि लिहून घेतलं. सर कठड्यापाशी उभे होते. ते पुढं येतील असं मला वाटलं. त्यांनी एक पाऊल टाकलंही. पण मग त्या बाहेर आल्या, आणि सर त्यांच्याबरोबर जिना उतरून गेले.

शेरा दुपारी कळला. हजेरी उत्तम. वर्तन समाधानकारक. आणि खाली, चौथीच्या वर्गशिक्षिकेस मुख्याध्यापकांनी लेखी समज द्यावी. सरांनी आम्हाला तो ऑफिसात वाचून दाखवला.  वाचून झाल्यावर म्हणाले, की मी तिथं बोलायला पाहिजे होतं. बागवान मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या सर. सांगायला तर मीच गेले होते." सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. समजपत्र त्यांनी दिलं, द्यावंच लागलं. पण त्याच संध्याकाळी त्यांनी त्या अधिकारी मॅडमना स्वतःच्या नावानं एक पत्र लिहिलं, की ती सूचना माझी होती. त्याचं पुढं काय झालं ते अजून आम्हाला कळलेलं नाही. मॅडमच्या वरिष्ठ श्रेणीचंही अजून तसंच पडून आहे.

डोईफोडे सरांना मी वाईट म्हणणार नाही. माणूस पंधरा जणांचं ऐकून घेऊन शाळा चालवतो, आणि एखाद्या क्षणी पाय उचलत नाही. मला माझंही तसंच वाटतं कधी कधी. बागवान मॅडमचं तसं नाही. त्या आधी चुकतात, आणि मग बस पकडतात.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम लवकर आले. पलीकडं मॅडम फळा पुसत होत्या. पोरं अजून यायची होती, एकटी संस्कृती आलेली. पोरांमध्ये बातमी फिरली होतीच, की तपासणीच्या बाई बागवान मॅडमना बोलल्या. भिंतीवरून मला सगळं ऐकू येत होतं.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला लई बोलले का?"

"बोलले की."

"माझ्यामुळं?"

"माझ्यामुळं," मॅडम म्हणाल्या.

डस्टर पुन्हा फळ्यावर फिरायला लागला. मग पोरीनं हळू विचारलं, तिच्या मानानं फारच हळू, "मग उद्या तुम्ही येणार का?"

डस्टर थांबला.

"येणार," मॅडम म्हणाल्या. "उद्या शनिवार. सकाळची शाळा आहे, सातला येणार."

"मग ठीकंय," ती म्हणाली, आणि बाकांवरून उड्या मारत आपल्या जागेवर गेली.